नंबराच्या मागचा माणूस : ऑसबोर्न रेनॉल्ड्स

रेनॉल्ड्स नंबर माहीत नाही असा एकही प्राणी आपल्या कॉलेजात सापडणार नाही. सेकंड इयरला तो भेटतो, ओरलला हमखास विचारला जातो, आणि पाइपमध्ये दोन हजारच्या खाली लॅमिनार, चार हजारच्या वर टर्ब्युलंट एवढं धडाधड म्हणून टाकलं की सर पुढच्या प्रश्नाकडे वळतात. होस्टेलवर तर आम्ही मेसच्या आमटीचाही रेनॉल्ड्स नंबर काढलेला आहे. आमटी इतकी पातळ की टर्ब्युलंट यायला चमचा जोरात फिरवावाच लागत नाही! पण हा रेनॉल्ड्स नावाचा माणूस कोण, कुठला, त्याने आयुष्यभर काय केलं, हे मात्र आपल्यापैकी फारसं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नसतं. मला त्याच्यापर्यंत नेलं ते एका भांडणाने.

झालं असं, की आम्हा चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी छोट्या स्टीम बोटीचं इंजिन डिझाइन करायला घेतलं. एकच उभा सिलिंडर, डबल अ‍ॅक्टिंग, पिस्टन ७५ मिलिमीटरचा, वाफेचा दाब ७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, वेग मिनिटाला साधारण ४०० फेरे. सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह गिअर यावर कोणाचं दुमत नव्हतं. बेअरिंगवर मात्र दोन पार्ट्या पडल्या. दोघांचं म्हणणं, सरळ कॅटलॉग उघडा, बॉल बेअरिंग निवडा, विषय संपवा. उरलेल्या दोघांचं म्हणणं (त्यात मी), की जुन्या बोटींची इंजिनं गनमेटल आणि व्हाइट मेटलच्या बुशांवर पन्नास-पन्नास वर्षं चालली, त्यामागे काही कारण असेल की नाही? ते कारण शोधायला मी लायब्ररीत गेले. मशीन डिझाइनचं कुठलंही जुनं पुस्तक उघडलं, की बुश बेअरिंगचा धडा १८८६ सालच्या एकाच पेपरपाशी जाऊन थांबायचा. पेपर लिहिणारा आपला तोच नंबरवाला रेनॉल्ड्स. आणि गंमत म्हणजे, हा माणूस स्वतः स्टीम बोटींच्या कारखान्यात उमेदवारी केलेला निघाला. मग प्रोजेक्ट राहिला बाजूला आणि मी त्याचं चरित्रच वाचत बसले.

ऑसबोर्न रेनॉल्ड्सचा जन्म २३ ऑगस्ट १८४२ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्टला झाला. थोड्याच काळात कुटुंब इंग्लंडात एसेक्स परगण्यातल्या डेडहॅम गावी आलं. घराणं धर्मोपदेशकांचं. आजोबा, पणजोबा चर्चच्या सेवेत, वडीलही पाद्री आणि तिथल्या शाळेचे हेडमास्तर. पण हे पाद्रीबुवा जरा वेगळे होते. ते केंब्रिजला गणित शिकलेले होते, यंत्रांचा त्यांना भारी नाद होता, आणि शेतीच्या अवजारांतल्या सुधारणांची पेटंटंही त्यांच्या नावावर होती. मुलाचं सुरुवातीचं शिक्षण त्यांनीच केलं. अशा घरात वाढल्यावर मुलाला यंत्रांची ओढ लागली नसती तरच नवल.

शाळा संपल्यावर आपण काय करतो? एंट्रन्स, कॅप राउंड, अ‍ॅडमिशन. रेनॉल्ड्सने उलटा रस्ता धरला. १८६१ साली, एकोणिसाव्या वर्षी, तो स्टोनी स्ट्रॅटफर्ड गावी एडवर्ड हेज यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. हा कारखाना स्टीम बोटी आणि त्यांची इंजिनं बनवायचा, आणि होता कुठे, तर समुद्रापासून कितीतरी लांब, इंग्लंडच्या ऐन मध्यात! तयार बोटी गावच्या रस्त्यावरून ओढत कालव्यापर्यंत न्याव्या लागत. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या छोट्या स्टीमर बनवणं आणि त्यांची जोडणी करणं, हे काम तो तिथे वर्षभर शिकला. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला फायलिंग करून ज्यांच्या हाताला फोड आलेत, त्यांना ते वर्ष कसं गेलं असेल याची कल्पना येईल.

मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण इथेच वाटतं. हाताने काम करताना यंत्रांच्या अशा कितीतरी गोष्टी त्याच्या डोळ्यांसमोर घडत होत्या, ज्यांचं कारण समजून घ्यायला गणिताशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून तो गणित शिकायला केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात गेला. हा क्रम बघा. आपल्याकडे आधी एम-वन, एम-टू, एम-थ्री होतं आणि हे सगळं कुठे लागणार असं प्रत्येक जण कपाळाला हात लावून विचारतो. त्याच्याकडे आधी प्रश्न होते, नंतर गणित आलं. १८६७ साली तो गणिताच्या परीक्षेत सातवा आला. त्यानंतर काही काळ त्याने लंडनच्या एका सिव्हिल इंजिनिअरिंग फर्ममध्ये काम केलं, आणि १८६८ साली मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात इंजिनिअरिंगच्या प्रोफेसरची नवी जागा निघाली, तिथे त्याची निवड झाली. वय वर्षं फक्त पंचवीस! म्हणजे आपल्याकडे एम.ई. करून नुकताच लेक्चरर लागलेला मुलगा जेवढा असतो तेवढा. पुढची सदतीस वर्षं त्याने याच एका नोकरीत काढली.

शिकवायला कसा होता? खरं सांगायचं तर, आपण त्याला फीडबॅक फॉर्ममध्ये चांगले मार्क दिले असते असं वाटत नाही. ज्याने पुढे इलेक्ट्रॉन शोधला तो जे. जे. थॉमसन इथे चौदाव्या वर्षी इंजिनिअरिंग शिकायला आला होता आणि रेनॉल्ड्सच्या वर्गात बसायचा. त्याने आपल्या आठवणीत लिहून ठेवलंय की सर कधीकधी लेक्चर आहे हेच विसरायचे. दहाएक मिनिटं वाट बघून मुलं शिपायाला पाठवायची. मग सर गाऊन अंगात चढवत धावत यायचे, टेबलावरचं रँकिनचं पुस्तक उचलून कुठलंही पान उघडायचे, एखादा फॉर्म्युला दिसला की तो चूक आहे म्हणून जाहीर करायचे आणि फळ्यावर तसं सिद्ध करायला लागायचे. वर्गाकडे पाठ, स्वतःशीच बोलणं चालू, मधेच सगळं पुसून पुन्हा सुरुवात. तास संपत आला की एखादी मांडणी न पुसता शेवटपर्यंत जायची आणि त्यातून निष्पन्न व्हायचं, की रँकिनचंच बरोबर होतं! परीक्षेच्या दृष्टीने हे लेक्चर म्हणजे शून्य. पण एक विचार करणारा माणूस प्रत्यक्ष विचार करताना कसा दिसतो, हे त्या मुलांना रोज बघायला मिळालं. थॉमसनने त्याच्याबद्दल आदरानेच लिहिलंय. स्वतंत्र बुद्धीचा असा माणूस त्याने फार थोडा पाहिला होता.

घरी मात्र या काळात त्याच्यावर आघातच झाले. १८६८ मध्ये लग्न झालं आणि वर्षभरातच पत्नी शार्लट गेली. तिच्यापासून झालेला मुलगाही १८७९ साली वारला. १८८१ साली त्याने दुसरं लग्न केलं, त्याला पुढे तीन मुलगे आणि एक मुलगी झाली. या सगळ्या वर्षांत काम कधी थांबलं नाही. स्क्रू प्रोपेलरच्या बोटी सुकाणू फिरवल्यावर कशा वळतात, प्रोपेलर पाण्याबाहेर आला की इंजिन एकदम का पळतं, पावसाने समुद्र शांत का होतो, ओल्या वाळूवर पाय ठेवला की पायाभोवतीची वाळू कोरडी का दिसते, असे त्याचे विषय. १८७५ मध्ये गाइड व्हेन असलेल्या पंपाचं पेटंट त्याने घेतलं. १८७७ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८८३ मध्ये त्याचा तो प्रसिद्ध प्रयोग आला : काचेची नळी, तिच्यात पाणी, पाण्यात रंगाची एक बारीक रेघ. पाणी सावकाश वाहतं तोवर रेघ दोऱ्यासारखी सरळ, वेग वाढवला की एका क्षणी ती फुटते आणि सगळ्या नळीभर रंग. आपला नंबर इथलाच. मात्र त्याला रेनॉल्ड्सचं नाव त्याने स्वतः दिलेलं नाही. ते १९०८ साली जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्डने दिलं.

आता येऊ बेअरिंगकडे. त्याच १८८३ साली लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी बोशाँ टॉवर नावाचे एक इंजिनिअर बेअरिंगच्या घर्षणाचे प्रयोग करत होते. ४ इंच व्यासाचा शाफ्ट, त्याच्यावर रेल्वेच्या डब्याला असतो तसा वरून बसणारा ब्रास, आणि शाफ्टचा खालचा भाग तेलात बुडालेला. घर्षण इतकं कमी आलं की सगळेच चकित झाले. लोडच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकं! मग टॉवरनी नेहमीसारखा ऑइल कप बसवण्यासाठी ब्रासला डोक्यावर एक भोक पाडलं. शाफ्ट सुरू केला, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर यायला लागलं. त्यांनी भोकाला बूच मारलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी तिथे प्रेशर गेज लावला. ब्रासवरचा सरासरी दाब चौरस इंचाला १०० पौंड असताना गेजचा काटा २०० च्या पलीकडे गेला.

त्या काळच्या भल्याभल्यांची समजूत अशी होती, की तेल म्हणजे दोन धातूंमधला नुसता बुळबुळीतपणा. पण हा गेज दुसरंच काही सांगत होता. तो सगळा लोड तेलानेच उचलून धरला होता, आणि ब्रास शाफ्टला शिवतच नव्हता. कसं काय? पंप नाही, काही नाही, मग तेलात एवढा दाब आला कुठून?

उत्तर रेनॉल्ड्सने दिलं, १८८६ च्या पेपरमध्ये. सोप्या शब्दांत ते असं. शाफ्ट बुशाच्या भोकापेक्षा किंचित लहान असतो आणि लोडमुळे जरा एका बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे दोघांमधली फट सगळीकडे सारखी राहत नाही. एका बाजूला ती रुंद असते आणि पुढे अरुंद होत जाते, पाचरीसारखी. फिरणारा शाफ्ट तेलाला अंगाला चिकटवून त्या निमुळत्या जागेत ओढून नेतो. तेलाला चिकटपणा असल्यामुळे (याला मराठीत श्यानता म्हणतात, हे आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कोणी सांगितलं नव्हतं) ते पटकन निसटू शकत नाही. मग दाब वाढतो आणि दोन पृष्ठभाग एकमेकांपासून उचलले जातात. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर भरधाव गाडीचं टायर पाण्यावर तरंगायला लागतं आणि ब्रेक लागत नाही, तसाच हा प्रकार. तिथे जे माणसाच्या जिवावर बेततं, तेच बेअरिंगमध्ये यंत्राला जगवतं.

रेनॉल्ड्सने हे नुसतं शब्दांत सांगितलं नाही. द्रवाच्या गतीची अवघड समीकरणं घेतली, तेलाचा थर अतिशय पातळ आहे म्हणून नगण्य टर्म्स काढून टाकल्या, आणि जे समीकरण उरलं ते टॉवरच्या आकड्यांशी ताडून पाहिलं. तापमानाबरोबर तेल पातळ होतं हे धरायला ऑलिव्ह ऑइलची श्यानता स्वतः मोजली. त्यावरून टॉवरच्या शाफ्ट आणि ब्रासच्या त्रिज्यांतला फरक त्याने काढला तो इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. जी फट कोणी मोजली नव्हती, ती याने कागदावर मोजली!

आता याचा आमच्या छोट्या इंजिनाला उपयोग काय? भरपूर. पिस्टनवर जास्तीत जास्त ३१० किलोच्या आसपास बल येतं. दोन मेन बेअरिंगांत ते वाटलं, तर ३२ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबीच्या प्रत्येक बुशावर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो. टॉवरचे १०० पौंड म्हणजे साधारण ७ किलो. आकडे शेजारचेच आहेत. क्रँकपिनवर, ३२ बाय ४० मध्ये, हा दाब २४ किलोच्या घरात जातो. पण डबल अ‍ॅक्टिंग इंजिनात बलाची दिशा प्रत्येक स्ट्रोकला उलटते. दोन पृष्ठभाग एकमेकांकडे सरकताना मधलं तेल लगेच पिळून निघत नाही, त्याला वेळ लागतो, हेही रेनॉल्ड्सने त्याच पेपरमध्ये मांडलंय. तेल पुरतं निघून जायच्या आत बल उलटतं, थर पुन्हा भरतो. म्हणून बिग एंडचा साधा बुश तग धरतो.

दुसरी गोष्ट तेलाच्या भोकाची. जिथे लोड येतो तिथेच भोक पाडलं, तर टॉवरसारखं बूच उडणार! आमच्या उभ्या इंजिनात लोड वर आणि खाली येतो, म्हणून मेन बेअरिंगला तेल बाजूने, दोन अर्ध्या बुशांच्या जोडापाशी द्यायचं असं ठरलं. तिसरी गोष्ट धातूची. बोटीचं इंजिन सारखं थांबतं, सुरू होतं, धक्क्याला लागताना अगदी सावकाश फिरतं. त्या वेळी तेलाची पाचर तयार होत नाही आणि धातू धातूला घासतोच. अशा वेळी शाफ्टला ओरखडा न देता स्वतः झिजणारा मऊ धातू हवा. म्हणून मेनला व्हाइट मेटल आणि क्रँकपिनला गनमेटल. झिजलं की शिम काढून घट्ट करता येतं. शिवाय वाफेचं पाणी तेलात उतरणारच, आणि पाण्याने बॉल बेअरिंग गंजतं. राहिला प्रोपेलरचा पुढे ढकलणारा जोर. तिथे मात्र बॉल बेअरिंगवाल्या पार्टीचा विजय झाला. सपाट कॉलर सपाट ब्रासवर घासली तर फट सगळीकडे सारखीच, म्हणजे रेनॉल्ड्सच्या हिशोबाने पाचरच नाही आणि दाबही नाही. म्हणून थ्रस्टसाठी इंजिनापासून वेगळं, झाकलेलं टेपर रोलर बेअरिंग घेतलं. दोन्ही पार्ट्या खूश.

मोठ्या जहाजांना हाच प्रश्न फार छळत होता. जोर वाटून घ्यायला शाफ्टवर एकामागोमाग एक कॉलरी लावायच्या आणि त्या तापत बसायच्या. ऑस्ट्रेलियात मिशेल आणि अमेरिकेत किंग्जबरी, या दोघांनी एकमेकांशी संबंध नसताना रेनॉल्ड्सच्या पेपरमधूनच तोड काढली. कॉलरसमोर अखंड ब्रास ठेवण्याऐवजी त्याचे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकडा जरासा कलू द्यायचा. कलला की पाचर आपोआप तयार होते. मिशेलचं पेटंट १९०५ सालचं.

१९०५ हेच रेनॉल्ड्सच्या निवृत्तीचं साल. १८८८ मध्ये त्याला रॉयल मेडल मिळालं होतं, कॉलेजात त्याने शंभर हॉर्सपॉवरचं ट्रिपल एक्स्पान्शन स्टीम इंजिन प्रयोगासाठी उभं केलं होतं, १८९५ मध्ये टर्ब्युलन्सची समीकरणं दिली होती. पण शेवटच्या वर्षांत त्याची तब्येत ढासळत गेली, आणि शरीराच्या आधी बुद्धी साथ सोडू लागली. १९०३ चं त्याचं शेवटचं पुस्तक सगळ्या विश्वाची रचना सांगायला निघालेलं आहे, पण त्यात तो नेमकं काय म्हणतोय हे जाणकारांनाही उलगडत नाही. फळ्यावर लिहून पुसणारा, पुन्हा लिहिणारा तो माणूस आता आपलं लिहिलेलं तपासू शकत नव्हता. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं. निवृत्तीनंतर तो सॉमरसेटमधल्या वॉचेट या समुद्राकाठच्या गावी राहिला आणि तिथेच २१ फेब्रुवारी १९१२ रोजी वारला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, जून १९१२ मध्ये, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवूडच्या जलविद्युत केंद्रात किंग्जबरीचं पहिलं मोठं थ्रस्ट बेअरिंग सुरू झालं. टर्बाइन आणि जनरेटरचा मिळून शेकडो टनांचा भार, आणि खाली आधाराला तेलाचा एक पातळ थर. पंचाहत्तर वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक वारसा म्हणून मान दिला, तेव्हाही ते बेअरिंग फिरतच होतं.